चाकाचे स्टड पुन्हा पुन्हा तुटत असतील तर : कारण कसे ओळखावे आणि घरी कसे बदलावेत

चाक ज्या आटेदार खिळ्यांवर नटांनी आवळले जाते, त्यांना स्टड म्हणतात. एकाच चाकाचा स्टड वर्षभरात दुसऱ्यांदा तुटला, तर दोष स्टडच्या लोखंडात असण्याची शक्यता फार कमी असते. तरीही आपल्याकडे बहुतेक वेळा घडते ते असे, की तुटलेला स्टड काढला जातो, दुकानातून नवा आणून ठोकला जातो, नट कचकचून आवळला जातो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर जाते. पुढे काही महिन्यांनी त्याच चाकाचा, बहुधा शेजारचा, स्टड तुटतो आणि मग दुकानदाराने हलका माल दिला असा निष्कर्ष निघतो. नकली माल बाजारात आहे हे खरे. पण त्याच गाडीची उरलेली तीन चाके तशाच स्टडवर वर्षानुवर्षे चालत असतील, तर या एका चाकात वेगळे काय आहे हा प्रश्न आधी विचारावा लागतो. स्टड बदलणे हे घरी जमण्यासारखे काम आहे, त्याची पद्धत पुढे सविस्तर दिली आहे. मात्र कारण न शोधता केलेली बदली फार दिवस टिकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल, कारण बहुतेक चुका तिच्या अज्ञानातून होतात. गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे रिम हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागाच्या, सपाट पृष्ठभागावर घट्ट दाबली जाते. वजन, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा जोर हे सारे त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण पेलते. दाब पुरेसा असेल तोपर्यंत स्टडला फक्त ताण सोसावा लागतो. दाब कमी झाला, की रिम हबवर सूक्ष्म सरकू लागते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्टड थोडा एका बाजूला वाकतो आणि सरळ होतो, आणि हजारो फेऱ्यांनंतर आट्याच्या मुळाशी बारीक चीर पडते. म्हणजे स्टड दोन परस्परविरुद्ध कारणांनी तुटतो: नट फार आवळल्यामुळे आणि नट सैल राहिल्यामुळे. दोन्हींचा उपाय वेगळा असल्याने कोणते कारण आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तुटलेला तुकडा काय सांगतो

तुटलेला स्टड फेकून देऊ नये. त्याचे तुटलेले तोंड रॉकेलने धुऊन, फडक्याने पुसून दिवसाच्या उजेडात तिरपे धरून पाहावे. तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत असेल, त्यावर एका कडेपासून पसरत गेलेल्या अर्धचंद्राकृती रेषा दिसत असतील आणि विरुद्ध बाजूस थोडाच भाग खरखरीत, दाणेदार असेल, तर चीर हळूहळू वाढत गेली आहे. हा नट सैल राहिल्याचा पुरावा समजावा. गुळगुळीत भागावर गंजाचा तांबूस थर असेल, तर चीर जुनी असून पावसाचे पाणी तिच्यात मुरत होते. याउलट संपूर्ण तोंड एकसारखे करडे आणि ताजे दिसत असेल, तुटलेल्या जागेजवळ स्टड बारीक झालेला किंवा पिळवटलेला असेल, तर तो जोराने आवळताना किंवा सोडताना तुटलेला आहे.

याच वेळी त्या चाकाचे न तुटलेले स्टडही तपासावेत. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. नवा स्टड घेऊन त्याचे आटे जुन्या स्टडच्या आट्यांत शेजारी शेजारी बसवावेत आणि उजेडाकडे धरावे. जुना स्टड ताणला गेला असेल तर पहिले दोन-तीन आटे एकमेकांत बसतात, पुढचे बसत नाहीत आणि मधून प्रकाशाची फट दिसते. हबवर बसलेल्या स्टडवरही ही कसोटी घेता येते. हाताने फिरवलेला चांगला नट काही आटे सहज जाऊन मग अडत असेल, तरीही अर्थ तोच. असा स्टड दिसायला शाबूत असला तरी कामातून गेलेला असतो, कारण एकदा कायमचा ताणला गेलेला स्टड पुन्हा हवा तेवढा दाब धरून ठेवत नाही.

यावरून किती स्टड बदलायचे तेही ठरते. माझे मत असे आहे की चीर वाढत जाऊन एक जरी स्टड तुटला असेल, तरी त्या चाकाचे सगळेच स्टड बदलावेत. त्यांनीही तीच हालचाल सोसलेली असते आणि एक तुटल्यानंतर त्याच्या शेजाऱ्यांवर जास्तीचा भार आलेला असतो. आवळताना एकच तुटला असेल आणि बाकीचे वरील कसोटीस उतरत असतील, तर तेवढा एक बदलून भागते.

फार आवळण्याचे गणित

आपल्याकडील बहुतेक मारुती मोटारींना १२ मिलिमीटर जाडीचे आणि १.२५ मिलिमीटर आट्याचे, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, स्टड असतात. ह्युंदाई, टोयोटा, होंडा यांच्या बहुतेक मोटारींत जाडी तीच, पण आटा १.५ मिलिमीटरचा असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या गाड्यांत स्टड नसून सरळ हबमध्ये जाणारे बोल्ट असतात, त्यांना हा लेख लागू नाही. मोटारींसाठी नट आवळण्याचा जोर साधारणपणे ८५ ते १२० न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा.

१०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन. ४० सेंटीमीटरच्या पान्यावर हाच जोर २५ किलोंत येतो. आता टायरच्या दुकानातले नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे: पोरगा पान्यावर एक पाय देऊन उभा राहतो आणि खात्री व्हावी म्हणून वर एक उडी मारतो. त्याचे वजन ७० किलो धरले, तर ४० सेंटीमीटरच्या पान्यावर नुसते उभे राहण्यानेच सुमारे २७५ न्यूटन-मीटर जोर होतो. उडीचा हिशेब वेगळाच. कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटर जोर लावल्यास १२ मिलिमीटरच्या स्टडमध्ये साधारण सव्वाचार टनांचा ताण येतो. चांगल्या प्रतीचा, म्हणजे १०.९ दर्जाचा स्टड पावणेआठ टनांच्या आसपासपर्यंत मूळ लांबीवर परत येतो आणि दहा टनांच्या अलीकडेच तुटतो. २७५ न्यूटन-मीटरला हा ताण कागदावर साडेअकरा टनांच्या वर जातो. तेवढ्याने स्टड लगेच तुटला नाही, तर ते आट्यांतील गंजामुळे. जोराचा काही भाग गंजाने खाल्लेला असतो, एवढेच.

नट फिरवणाऱ्या हवेच्या गनचा प्रकारही निराळा नाही. मोठ्या गनची ताकद कित्येक पटींनी अधिक असते आणि ती चालवणारा कारागीर आवाजावरून अंदाज घेत असतो. नट गनने सोडण्यास हरकत नाही. आवळताना मात्र गन फक्त नट टेकेपर्यंत वापरावी आणि शेवटचा जोर हाताने द्यावा, असे दुकानात स्पष्टपणे सांगावे. थोडे वाईट वाटले तरी चालेल.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची सवय हे फार आवळले जाण्याचे दुसरे, न दिसणारे कारण आहे. गंज लागू नये या चांगल्या हेतूनेच ते लावले जाते. परंतु पुस्तिकेतील आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने ताण दीडपटीच्या जवळ जातो. निर्मात्याने तसे सांगितले नसेल तर आट्यांवर आणि नट टेकतो त्या जागेवर काहीही लावू नये, आणि गंज सोडवणारा फवारा वापरला असेल तर नवा नट लावण्यापूर्वी तो पूर्ण पुसून काढावा.

सैल राहण्याची कारणे, खास आपल्याकडची

नट आवळताना घट्ट वाटतो आणि पुढे आपोआप सैल पडतो, याचे कारण बहुतेक वेळा नटात नसते. नट आणि रिम किंवा रिम आणि हब यांच्या मध्ये असे काहीतरी अडकलेले असते, जे काही दिवसांत दबते, झिजते किंवा गळून पडते.

खानदेशात यात पहिला क्रमांक काळ्या मातीचा लागतो. पावसाळ्यात शेतरस्त्यावर टायर पंक्चर झाले, की चाक चिखलातच बदलले जाते. स्टेपनी खाली टेकवलेली असते, तिच्या आतील तोंडाला चिकणमातीचा थर लागतो आणि तशीच ती हबवर चढते. ओली असताना ही माती दगडासारखी घट्ट दाबून धरते, त्यामुळे नटही व्यवस्थित आवळल्यासारखा वाटतो. पुढे ब्रेकच्या उष्णतेने ती वाळते, आकसते, भुकटी होऊन बाहेर पडते आणि तेवढी पोकळी आत राहते. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळल्यावर भेगाळते, हे ज्यांच्या शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्यांना सांगायला नको. एक मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा आकसली तरी स्टडमधील ताणाचा मोठा हिस्सा निघून जातो. शेतात चाक बदलावेच लागले, तर हबचे आणि रिमचे तोंड पाण्याने धुऊन फडक्याने पुसावे, आणि घरी आल्यावर चाक पुन्हा उतरवून स्वच्छ करून बसवावे.

दुसरे कारण रंगाचे. दसऱ्याच्या आधी किंवा आखाजीला (अक्षय तृतीयेला) गाडी नव्यासारखी दिसावी म्हणून लोखंडी रिमांना चंदेरी रंग मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. यावल भागातील एका परिचितांच्या छोट्या मोटारीचे मागचे डावे चाक असेच सतत स्टड तोडत होते. दर वेळी वेगळ्या दुकानातून, वेगळ्या कंपनीचे स्टड आणून झाले होते. चाक उतरवून रिमच्या छिद्राची निमुळती कड पान्याच्या टोकाने खरवडली, तेव्हा वर चंदेरी, मध्ये पांढरा आणि खाली तांबडा प्राइमर असे थर सालीसारखे सुटून आले. एकत्र मिळून ते नखाइतके जाड होते. नट या मऊ थरावर टेकत होता आणि गाडी चालली की त्यातच रुतत होता. छिद्रांच्या कडा आणि हबला टेकणारे तोंड धातू दिसेपर्यंत खरवडल्यावर त्या चाकाची तक्रार थांबली. रिम रंगवायचीच असेल तर या दोन जागांवर चिकटपट्टी लावून रंगवावी.

तिसरे कारण चुकीचा नट. बहुतेक जपानी आणि कोरियन मोटारींच्या नटांचे टोक ६० अंशांत निमुळते असते, होंडाच्या मूळ नटांचे गोलाईदार असते, तर काही अलॉय चाकांना सपाट वायसरचे नट लागतात. रिमच्या बैठकीशी, म्हणजे नट टेकतो त्या जागेशी, नटाचे तोंड जुळले नाही तर तो एका बारीक कडेवर टेकतो. बाहेरून घेतलेली अलॉय चाके बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर नटांची बैठक आणि चाकाचे मधले छिद्र या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. ते छिद्र हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये योग्य मापाची कडी बसवावी लागते. चाक बाहेर काढून दिसण्यासाठी घातलेले स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधल्या जाड चकत्या, माझ्या मते सरळ काढून टाकावेत.

डाव्या बाजूचे चाक जास्त त्रास देते असा अनेकांचा अनुभव असतो, आणि तो निराधार नाही. गाडी पुढे जाताना डावे चाक ज्या दिशेने फिरते तीच उजव्या, म्हणजे नेहमीच्या, आट्याचा नट सुटण्याची दिशा असते, शिवाय समोरून ट्रक आला की आपली डावी चाकेच साइडपट्टीवरून खाली उतरतात. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत ते याचसाठी. मात्र नट योग्य दाबाने बसलेला असेल तर तो दिशेच्या जोरावर सुटत नाही. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाने स्टड तुटतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. घाट उतरताना ब्रेकमुळे हब याहून कितीतरी जास्त तापतो आणि तरीही स्टडला काही होत नाही.

सैल नटाची खूण बाहेरूनही दिसते. नटाखालून रिमवर तांबूस गंजाची धार ओघळलेली असते, किंवा नटाभोवती घासून चकाकलेली गोल कडा दिसते. हळू चालताना टक-टक असा आवाज येतो आणि वेग वाढला की तो विरतो.

तोपर्यंत गाडी चालवावी का

पाच स्टडच्या चाकाचा एक तुटला असेल आणि बाकीचे चार योग्य आवळलेले असतील, तर सावकाश जवळच्या ठिकाणापर्यंत जाता येते. चार स्टडच्या चाकाचा एक तुटला असेल तर महामार्गावर जाऊ नये आणि कोंडाईबारी किंवा चाळीसगाव-कन्नड घाटाचे तर नावही काढू नये. दोन तुटले असतील तर गाडी जागेवरून हलवू नये. स्टेपनी लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण स्टड हबमध्ये आहे.

बदलण्याचे काम

नवा स्टड आणताना जुना सोबत न्यावा आणि व्हर्नियरने चार मापे जुळवावीत: आट्यांची जाडी व अंतर, डोक्याजवळच्या दातेरी भागाची जाडी, त्या भागाची लांबी आणि एकूण लांबी. यात दातेरी भागाची जाडी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण हबच्या छिद्रात तोच भाग रुतून बसतो. तो अर्धा मिलिमीटर बारीक असेल तर स्टड पुढे नटासोबत फिरू लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कापून वापरणे, हा उपाय कोणी सुचवल्यास तो ऐकू नये. लांबीबाबत कसोटी अशी, की नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.२५ च्या आट्याला हे साधारण साडेनऊ फेरे होतात, दीडच्या आट्याला आठ. नटही सोबतच नवे घ्यावेत.

गाडी सपाट आणि टणक जागेवर घ्यावी. अंगणातील काळ्या मातीत जॅक तिरपा होतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. जे चाक उचलायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत, नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत आणि गाडी उचलल्यानंतर ती घोडीवर (लोखंडी आधारावर) टेकवावी. नुसत्या जॅकवरील गाडीवर हातोडा चालवू नये.

पुढच्या चाकाला डिस्क असल्यास कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा भाग) त्याच्या ब्रॅकेटसह सोडवून तारेने स्प्रिंगला टांगावा. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, आणि तो काढलेला असताना ब्रेकचे पेडल कोणी दाबू नये, विशेषतः गाडीत मुले बसलेली असतील तर. काही गाड्यांत डिस्कला छोटे स्क्रू असतात; ते अडले तर पेचकसाचे तोंड मोडण्याऐवजी हातोडीने ठोकून फिरणारा पेचकस वापरावा. मागे ड्रम असल्यास हँडब्रेक सोडावा, म्हणून दगड आधीच लावलेले असणे आवश्यक आहे. ड्रम गंजाने चिकटला असेल तर त्यावर बहुधा दोन आटेदार छिद्रे असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले की तो पुढे येतो. काही छोट्या मोटारींत ड्रम आणि हब एकसंध असून बेअरिंगही त्यातच असते. तिथे मधला नट काढून ड्रम बाहेर काढावा लागतो, पण मग स्टड बाकावर, वाइसमध्ये दाबून बदलता येतो, ही सोय आहे. तो मधला नट पुन्हा वापरू नये आणि त्याचा जोर पुस्तिकेप्रमाणेच द्यावा.

जुना स्टड काढण्याआधी हबच्या मागे हात घालून पाहावे. हब फिरवत राहिल्यास नकलच्या (हब ज्यात बसतो त्या भागाच्या) मागे एखादी मोकळी जागा सापडते, जिथून स्टडचे डोके मागे सरकून बाहेर येऊ शकते. ती जागा नवीन स्टडला पुरेल की नाही हे नवा स्टड मागून धरूनच ठरवावे, कारण नवा स्टड पूर्ण लांबीचा असतो आणि तुटलेला आखूड. मागचा पातळ पत्रा आड येत असेल तर तो थोडा वाकवता येतो. स्टडचे डोके ग्राइंडरने एका बाजूने कापून तो सरकवण्याची युक्ती अनेक गॅरेजांत चालते. मी ती करणार नाही, कारण त्या डोक्याखालचाच भाग पूर्ण ताण झेलतो. जागा मिळतच नसेल तर हब काढावा लागतो, आणि ज्या गाडीत बेअरिंग प्रेसने बसवलेले असते तिथे ते घरचे काम राहत नाही.

स्टड बाहेर काढण्यासाठी घणाचा मारा करण्याची घाई सर्वांनाच असते. हब जागेवर असताना घातलेला प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पाडतो. तो आवाज आज ऐकू येत नाही, काही हजार किलोमीटरनंतर घुमघुम सुरू होते आणि तेव्हा स्टडचे काम कोणालाच आठवत नाही. म्हणून सी-आकाराचा प्रेस किंवा बॉल जॉइंट काढण्याचा पुलर भाड्याने अथवा उसना मिळत असेल तर तोच वापरावा. मिळालाच नाही तर आदल्या रात्री गंज सोडवणारा फवारा मारून ठेवावा, हबच्या मागे आधार द्यावा आणि हातोडीचे मोजके, नेमके घाव घालावेत. तीन-चार घावांत स्टड हलला नाही तर थांबून पुलर शोधावा. गॅसची ज्योत लावून हब तापवण्याचा मार्ग बेअरिंगचे ग्रीस, सील आणि एबीएसचा सेन्सर यांचा बळी घेतो.

आता छिद्र पाहावे. आतले उभे खोबण स्पष्ट असतील तर नवा स्टड मागून घालून हळूहळू फिरवावा. एका ठिकाणी त्याचे दाते जुन्या खोबणांत अडकल्याचे बोटांना जाणवते. तिथेच तो बसवावा, म्हणजे नव्याने धातू कापला जात नाही आणि पकड घट्ट राहते. स्टड हातानेच पूर्ण आत जात असेल, तर छिद्र झिजले आहे. अशा वेळी मागून वेल्डिंगचा टाका मारून देणारे बरेच असतात, आणि तो टाका बरीच वर्षे टिकला असे सांगणारेही भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टडला दिलेले पाणी उतरते आणि हबचा पृष्ठभाग वाकतो. झिजलेल्या छिद्राला नवा हब हाच उपाय आहे.

नवा स्टड आत ओढण्यासाठी पुढून तीन-चार जाड वायसर घालून त्यांवर एक साधा, सपाट तोंडाचा, त्याच आट्याचा नट लावावा. वायसर एकमेकांवर घासतात तिथे थोडे ग्रीस लावावे, आट्यांवर नाही. लांब दांडीच्या पान्याने नट सावकाश फिरवत जावे. गन येथेही नको. आधी एकसारखा जड फेरा लागतो, आणि डोके हबच्या पाठीला टेकताच पाना अचानक घट्ट होतो. त्याच क्षणी थांबावे. मागे आरसा आणि टॉर्च धरून डोक्याखाली केसाइतकी फटसुद्धा नाही याची खात्री करावी. फट राहिली असेल तर गाडी चालल्यावर स्टड आणखी आत सरकतो, नट सैल होतो आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात येऊन पोहोचतो. ओढण्यासाठी वापरलेला नट चाकाला वापरू नये.

चाक चढवण्यापूर्वी हबचे तोंड, डिस्कच्या दोन्ही बाजू आणि रिमचा आतला भाग वायर ब्रश व पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करावा. ग्रीसचा अगदी पातळ हात लावायचा असेल तर तो हबच्या मधल्या गोल उंचवट्याला लावावा, म्हणजे रिम चिकटत नाही. कॅलिपर बसवल्यावर पेडल दोन-तीनदा दाबून ते टणक लागते याची खात्री करावी.

सर्व नट प्रथम हाताने, पाना न लावता, पाच-सहा फेरे तरी जातील असे लावावेत. आटे वाकडे धरले असतील तर ते इथेच कळते. मग गाडी वर असतानाच समोरासमोरच्या क्रमाने हलकेच आवळावेत आणि चाक जमिनीला जेमतेम टेकल्यावर जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने त्याच क्रमाने दोन टप्प्यांत पूर्ण जोर द्यावा. टॉर्क पाना नसेल तर वर दिलेले गणित उपयोगी पडते: गाडीला १०० न्यूटन-मीटर सांगितले असतील आणि पाना ४० सेंटीमीटरचा असेल, तर टोकाला २५ किलोंचा जोर पुरे. साधा स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवून, पान्याशी काटकोनात ओढून एकदा हे पाहिले, की आपण आजवर किती जास्त आवळत होतो ते कळते.

पहिल्या १०० किलोमीटरच्या आत, चाक थंड असताना, सर्व नट पुन्हा त्याच जोराने तपासावेत. नवे स्टड आणि स्वच्छ केलेले पृष्ठभाग किंचित बसतात, त्यामुळे या वेळी नट थोडासा फिरणे स्वाभाविक आहे. पण तो पाव फेऱ्याहून जास्त फिरत असेल किंवा दुसऱ्या तपासणीतही फिरत असेल, तर पुन्हा नुसता आवळून सोडू नये. चाक उतरवून रिमच्या छिद्रांकडे पाहावे. त्यांतले एखादे अंडाकृती झाले असेल, किंवा बैठकीच्या निमुळत्या भागापासून बाहेरच्या दिशेने बारीक चीर गेलेली दिसत असेल, तर स्टड कितीही चांगले असले तरी ती रिम भंगारातच द्यावी, स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नये.